चढावर उतरलेलं विमान

येना, ११ मे २०२४

ती. प्रभाआत्यास,
उत्कर्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कानाचं नवं यंत्र तू पुन्हा डबीत ठेवून दिलंस, असं सुगतदादाकडून कळलं. म्हणजे फोन बंद आणि पत्रं चालू. माझी काही हरकत नाही. त्या निमित्ताने माझं मराठी तरी टिकतं.

लॅबमध्ये ठीक चाललंय. पण तुला उत्सुकता विमानाची, म्हणून तेच लिहिते. लायसन्स मिळालं तेव्हा मला वाटलं, शिकून झालं. आमच्या फेराइनमधले, म्हणजे फ्लाइंग क्लबमधले, हेर (म्हणजे श्रीयुत) वेंडलर म्हणाले की लांबलचक धावपट्टीवर कुणीही उतरतं. पूर्व जर्मनीच्या काळात ते शेतांवर खत टाकायचं विमान चालवायचे. शेताच्या कडेला जेमतेम पट्टी असायची, तिथेच उतरायचं, खत भरायचं आणि पुन्हा उडायचं. आता डॉक्टर त्यांना उडू देत नाहीत, म्हणून गवतात खुर्ची टाकून बसतात आणि आम्हाला शिकवतात.

गवतावर पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या अंथरायच्या. पहिली ओलांडली की लगेच चाकं टेकवायची आणि दुसरीच्या आत थांबायचं. त्यासाठी विमान इतकं हळू आणावं लागतं की आणखी जरा हळू झालं तर ते खाली पडेल. अलास्कात लोक असे नदीच्या वाळूत उतरतात. इथे जर्मनीत मनाला येईल तिथे उतरायला बंदी, त्यामुळे आम्ही पट्ट्यांवर भागवतो. परवा मला चांगलं जमलं. वेंडलर ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणाले. त्यांच्याकडून कौतुक एवढंच मिळतं.

जुलैत दादा-वहिनी हेर्त्सोगेनआउराखहून इकडे येतील, तेव्हा दादाला मागच्या सीटवर बसवणार आहे. क्षमावहिनी पोटुशी, तेव्हा ती खालूनच बघणार.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी उत्कर्षा


वर्धा, ३० मे २०२४

चि. उत्कर्षास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे ऊन इतकं की कुलरसुद्धा गरम हवा फेकतोय. यंत्र डबीत ठेवलं कारण त्यातून शेजारच्यांचं भांडण ऐकू येतं आणि दारावरची बेल नाही.

तुझं विमान मी शेजारणींना समजावून सांगितलं. एकीने विचारलं, पोरगी चष्म्याच्या कंपनीत आहे ना, मग विमान कशाला? मी म्हटलं, आवड आहे. मी चाळीस वर्षं नर्स होते, म्हणून भीतीबिती मला सहज वाटत नाही. पण सुगतला नेशील तेव्हा पोटभर खायला घालून नेऊ नकोस. लहानपणी तो एसटीतही ओकायचा.

क्षमाला म्हणावं, पाय वर ठेवून बसत जा.

तुम्ही दोघं भांडत भांडत का होईना, एकमेकांना धरून असा.
आत्या


येना, ९ जुलै २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आधी हे वाच: मी आणि दादा दोघंही ठीक आहोत. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

शनिवारी थुरिंगियाच्या जंगलावर असताना इंजिनाचा एक व्हॉल्व्ह अडकला. इंजिन बंद पडलं नाही, पण ताकद गेली आणि विमान हळूहळू खाली यायला लागलं. खाली सगळीकडे स्प्रूसची झाडं. एका उतारावर गवत कापलेलं एक कुरण दिसलं, लहानसं. मी दादाला पट्टा आवळायला सांगितलं. त्याने काहीतरी विचारलं, माझं लक्ष कुरणाच्या कडेवर होतं. झाडांच्या शेंड्यांवरून हळू आत आले आणि चढाच्या दिशेने विमान टेकवलं. चढामुळे ते लवकर थांबलं. अर्धं कुरण पुढे शिल्लक होतं. भीती वाटली ती नंतर, दार उघडताना.

शेतमालकीण फ्राउ हार्टुंग आल्या. त्यांनी आधी गवत बघितलं, मग आम्हाला, मग कॉफी आणली.

दादा माझ्याशी बोलत नाही. वहिनी सांगते, तो म्हणतो की मी त्याच्या होणाऱ्या मुलाचा विचार केला नाही. चूक माझी नव्हती हे त्यालाही कळतं. तरी तो फोन उचलत नाही.

विमान अजून तिथेच आहे. दुरुस्ती जागेवरच होईल, गेनेमिगुंग, म्हणजे तिथून उडायची सरकारी परवानगी, तीही मिळेल. प्रश्न पुढचा आहे. उतरायला जेवढी जागा पुरते तेवढी उडायला पुरत नाही. क्लबचे लोक म्हणतात, पंख काढून ट्रेलरवर न्या. मला उडवून आणायचंय. मागची सीट काढायची, पेट्रोल थोडंच ठेवायचं आणि उताराने झाडांकडे धावायचं. आकडेमोड केली आहे, जमतं. वेंडलर म्हणाले, तू उतरवलंस, तूच ठरव.

तुला कळवल्याशिवाय करणार नाही.
तुझी उत्कर्षा


वर्धा, २४ जुलै २०२४

चि. उत्कर्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. सुरुवातीलाच ठीक आहात असं लिहिलंस, ते बरं केलंस.

नको म्हणून सांगणार नाही. नको म्हटल्यावर तू काय करतेस ते मला ठाऊक आहे. फक्त एक विचारते. विमान कसं वर उचललं जाईल ते तू लिहिलंस. नाही उचललं गेलं तर कुठे थांबायचं, ते लिहिलं नाहीस. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरमध्ये काही सर्जन पोट उघडून बघायचे आणि पुढे न जाता शिवून टाकायचे. नातेवाईक चिडायचे. मी मात्र माझं ऑपरेशन अशाच डॉक्टरकडून करून घेतलं.

सुगतला मी वेगळं लिहिते. तो रागावलेला नाही, घाबरलेला आहे. पुरुषांना त्यातला फरक उशिरा कळतो.

जे करशील ते दिवसाउजेडी, चार माणसांसमोर कर.
आत्या


हेर्त्सोगेनआउराख, १९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सुगतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

उत्कर्षा लिहीलच, पण तिच्या पत्रात दोन ओळींच्या पलीकडे काही नसेल, म्हणून मी लिहितो.

तुझं पत्र वाचून मी चिडलो होतो. नंतर उत्कर्षाचा मेसेज आला. विमान बाहेर काढायचा प्रयत्न शनिवारी आहे आणि कुरणात एका जागी माणूस उभा करायचाय, असं होतं त्यात. त्या माणसापर्यंत पोचताना शेपटी वर येऊन विमान हलकं झालं नसेल, तर ती इंजिन बंद करणार. तिथे तू उभा राहशील का, असं तिने विचारलं. वेंडलरांनी काठी रोवायची ठरवली होती, पण तिला काठी नको होती.

मी गेलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि गवत वाळलेलं नव्हतं. वेंडलरांनी मला जागा दाखवली. माझ्यामागे विमान थांबायला पुरेल तेवढंच कुरण उरत होतं आणि त्यापुढे झाडं. क्लबची बरीच मंडळी आली होती, फ्राउ हार्टुंगचं अख्खं घर होतं. सगळ्यांना तिने उडावं असंच वाटत होतं. खरं सांगतो, मलाही.

ती कुरणाच्या वरच्या टोकाकडून सुटली. आवाज मोठा, वेग बरा वाटत होता. शेपटी उचलली गेली, पुन्हा टेकली. ओलं गवत चाकांना सोडत नव्हतं. मला वाटलं, अजून थोडं रेटलं तर होईल. माझ्यासमोर येताच तिने इंजिन बंद केलं. घसरत घसरत विमान झाडांच्या अलीकडे थांबलं.

ती उतरली, बूट चिखलात रुतले, आणि पाना मागितला. वेंडलर खुर्चीतून उठले आणि पंखाचा पहिला बोल्ट त्यांनी स्वतः काढला. क्लबमधला एकजण म्हणाला, वाळेपर्यंत थांबून पुन्हा बघूया. ती म्हणाली, नाही, आज ट्रेलर.

पंखाचं एक टोक तिने धरलं, दुसरं मी. चढ चढताना मी तिला विचारलं की इतके लोक बघत असताना थांबणं अवघड गेलं का. ती म्हणाली की जुलैत मागे मी बसलो होतो, ते याहून अवघड होतं. पंख जड नसतो, पण वाऱ्याने हातातून सुटू बघतो.

घरी आल्यावर क्षमाने विचारलं की मी पुन्हा उत्कर्षासोबत विमानात बसेन का. मी म्हटलं, हो, बसेन. ती म्हणाली, बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बसा. आणि पहिला नंबर माझा.

आमच्यावर अशीच नजर असू दे.
तुझा सुगत