चिंच आधी पडली

तंजावूर, १९९४

प्रिय सौ. अंबेस,

सुखरूप पोचलो, पोटही ठीक आहे. तुझा गुडघा कसा आहे? ओट्याशी फार वेळ उभी राहू नकोस.

कॉलेजच्या मेळाव्यात प्रत्येकानं निवृत्तीनंतर काय नवं सुरू केलं ते सांगितलं. नटराज कॉम्प्युटर शिकतोय, मुरलीनं एसटीडी बूथ टाकलाय. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी रोज स्वयंपाक करतो!"

नटराज लगेच म्हणाला, "मग उद्याचं सांबार तूच कर. ते तुम्हा मराठ्यांचंच, इथल्या भोसले राजांच्या मुदपाकखान्यातलं म्हणतात!"

मी कच्च्या डाळीतच चिंच घातली. त्या आंबटामुळे दुपार टळली तरी डाळ शिजेना. शेवटी बिचाऱ्यांनी ती कडाकडा चावून खाल्ली.

आता पुढच्या आठवड्यात मुरली बूथवरून तुला फोन करून खरंखोटं विचारणार आहे. 'हो' म्हण. घरी आलो की खरं करून दाखवतो. चिंच मात्र तू घाल.

तुझाच,
सूर्यनारायण