जोडीतला दुसरा सूर

सोमवार, ४ मार्च

मी बसचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर लावते ना, मग आता गाणीही लावा! डेपोच्या बँडला नवे मास्तर आलेत. त्यांनी दुपारी टेबलावर पिवळ्या पानांचा गठ्ठा ठेवला. जुन्या बँडची नाचाची गाणी, हाताने लिहिलेली, निम्म्या सुरांवर ऑइलचे डाग. "वर्धापनदिनाला हीच वाजवायचीत. स्वच्छ छापून हवीत. तुम्हाला नोटेशन येतं म्हणे?"

शाळेत चार वर्षं पियानो शिकले होते, हे मीच कधीतरी कँटीनमध्ये सांगितलेलं. आता भोगा.

बुधवार, ६ मार्च

सॉफ्टवेअर सोपं निघालं. माउसने सूर टिपायचे, बटण दाबलं की तेच वाजवून दाखवतं. पण वाजवतं कसं — कारकून टाइपरायटर बडवतोय असं. टक टक टक टक. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "यावर नाचायचं आहे की कवायत करायची आहे?"

गुरुवार, ७ मार्च

पानं द्यायला तालमीला गेले. हॅन्डब्रेक काकांना सगळ्यांदेखत बोलणी बसली. काका आमचे निवृत्त ड्रायव्हर, सॅक्सोफोन वाजवतात. बँड पुढे पळतो आणि ते ओढून धरतात, म्हणून हे नाव. मास्तर म्हणाले, "काका, जोडीतला दुसरा सूर दर वेळी उशिरा. ही काय बस आहे?" सगळे हसले. काकाही हसले. मग रुमाल काढून सॅक्सोफोन पुसत बसले — पुसलेलाच परत परत.

निघताना मास्तर हळूच म्हणाले, "कार्यक्रमात त्यांना नको घ्यायला. सोमवारी सांगतो. तुम्ही इतक्यात बोलू नका कुठे."

बोलले नाही. पण घास उतरला नाही. काकू गेल्यापासून काका घराबाहेर पडतात ते या तालमीपुरतेच.

शनिवार, ९ मार्च

टकटकीचा उलगडा झाला! सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर सापडलं. या जुन्या नाचाच्या गाण्यांत छोटे सूर जोडीजोडीने येतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण वाजवताना पहिल्याने रेंगाळायचं आणि दुसऱ्याने उशिरा येऊन चटकन उरकायचं. याला स्विंग म्हणतात. मशीनला ते आपोआप कळत नाही, पानाच्या वर तशी खूण घालावी लागते. जुन्या मंडळींनी ती लिहिलीच नव्हती. ज्याला त्याला ठाऊक, तर लिहायचं कशाला?

खूण घातली. आणि घोटाळा केला — ती एकट्या सॅक्सोफोनच्या ओळीला चिकटली. बाकी सगळे टक टक, आणि तो बिचारा मागून येतोय. पुसायला गेले आणि हात थांबला. हा तर आमचा बँड. हुबेहूब.

सगळ्या ओळींना लागू होणारी खूण वेगळी असते. ती शोधून घातली, बटण दाबलं. नवरा हातात झारा घेऊन बाहेर आला, एक गिरकी घेतली आणि परत गेला.

म्हणजे काका बरोबर होते. चुकत होते ते उरलेले अकरा जण.

रविवार, १० मार्च

फोनवर गुरुवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग होतं. काकांशी ताडून पाहिलं. स्विंग, म्हणजे जोडीतला पहिला सूर किती वेळ खातो ते, साठ टक्क्यांवर ठेवला तर जुळेना. सहासष्टवर नेला — काका आणि मशीन, सुराला सूर! उद्या मास्तरांना गाठायचं, काकांच्या आधी.

सोमवार, ११ मार्च

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. आधी एका ओळीला खूण असलेलं ऐकवलं.

"हे आपले काका," ते म्हणाले. "हेच तर सांगतोय मी."

मग दुसरं ऐकवलं. मास्तर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्यांचा बूट टेबलाखाली हलायला लागला.

"पानावर हे कुठे होतं?" जरा चिडूनच.

"नव्हतं. आता आहे."

पडद्यावरच्या खुणेकडे वाकून पाहिलं. मग म्हणाले, "माझा जन्म कवायतीच्या बँडमध्ये गेला हो. लिहिलंय तेच वाजवायचं, एवढंच शिकवलं आम्हाला." काकांना काही सांगायला गेले नाहीत. मी डबा उघडला. दोन घास जास्तच गेले.

गुरुवार, १४ मार्च

मास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी होती. आजपासून काकांच्या मागे चला." एवढं म्हणायला छाती लागते. काका इकडेतिकडे बघत मला विचारतात, "मी काय केलं?"

शनिवार, १६ मार्च

वर्धापनदिन झाला. डेपो मॅनेजर नाचले! बायकोला घेऊन, वर्कशॉपच्या मधोमध. शेवटचं गाणं तीनदा वाजवावं लागलं. काकांची मान ताठ. पाय दुखतायत, लिहवत नाही.

मंगळवार, १९ मार्च

काका माझ्या ऑफिसच्या खिडकीशी आले, तोंडभर हसत. काल नवी कवळी बसली. जुनी ढिली होती, तीन वर्षं. दुसऱ्या सुराला जीभ लावली की हलायची, सावरेपर्यंत उशीर व्हायचा. "लाजेने बोललो नाही कुणाला. आता ऐक." तिथेच सॅक्सोफोन काढून वाजवला. टक टक टक टक. एकही सूर उशिरा नाही.

मी छापलेलं पान काढलं आणि वरच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तुमची चाल, काका. आता शिकावी लागेल."