बाहुलीच्या लग्नाचा आहेर

आये, तुला वाचता येत नव्हतं म्हणून घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवलं. आज तुलाच लिहायला बसलेय, तर वाचून दाखवणारं कोणी नाही. असू दे. काल धाकट्या नातीनं बाहुलीचं लगीन मांडलं आणि मला म्हणाली, "आजी, तू गाणं म्हण." मी तोंड उघडलं आणि गाण्याऐवजी रडूच फुटलं. पोरगी घाबरली बिचारी. तिला काय सांगू, की एका बाहुलीच्या लग्नानं आपल्या घरात काय उलथापालथ केली होती!

तू गावची धवलारीण. धवलारणीनं धवळे गायल्याशिवाय आपल्यात नवरीला हळद लागत नाही, मग भटजी किती का मोठा असेना. थोरल्या ताईचं लगीनसुद्धा तूच लावलंस, एका हातानं डोळे पुसत आणि आवाज जराही हलू न देता. बाबा मुंबईला गिरणीत, शेताचा तुकडा तो एवढासा. लग्नसराईत मिळणारी लुगडी, तांदूळ आणि मान, यावर तू घर ताठ ठेवलंस. आणि आपल्या पक्षाचा लाल बावटा! मोर्चा निघाला की पहिल्या ओळीत तू. आपली खालची आळी सगळी बावट्याची, वरची आळी सगळी सरकारपक्षाची. निवडणुकीपासून तर विहिरीवरसुद्धा दोन्ही आळ्यांच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या.

मग एका पावसाळ्यात घाटावर धरण फुटलं आणि पुण्यात घरंच्या घरं वाहून गेली. बातमी आली तेव्हा आपण लावणीच्या चिखलात उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी पक्षाचे तालुक्याचे कार्यकर्ते भाऊ आले, हातात पूरग्रस्तांच्या मदतीचा डबा, डब्याला बावटा चिकटवलेला. आपल्या आळीनं दिलं, पण भर पावसाळ्यात कुणाच्या गाठीला काय असणार? वरच्या आळीत तर डबा दिसला की दारं लागायची. पाटील ओसरीवरून ओरडले, "पुराच्या नावानं पक्षाची झोळी भरताव व्हय?" भाऊ भिजून आपल्या पडवीत येऊन बसले. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, "भाऊ, डब्याला न्हाय म्हनतात. अक्षतेला कोन न्हाय म्हनेल?"

मला काही कळेना. तू माझी चिंध्यांची बाहुली काढलीस, एका नारळाला बाशिंग बांधलंस आणि म्हणालीस, नवरा आपला, नवरी वरच्या आळीची. लगीन म्हटलं की आमंत्रणाची अक्षत आली. दारात आलेली अक्षत आपल्याकडे वैरीसुद्धा परत पाठवत नाही, आणि अक्षत घेतली की आहेर चुकत नाही. त्यात नवरीकडचे झाले की विचारायलाच नको, ऋण काढायची वेळ आली तरी हात आखडता घेता येत नाही! भाऊंचे डोळे चमकले. म्हणाले, "मांडवावर बावटा लावू." तू म्हणालीस, "मांडवाला तोरण लागतंय. बावटा माझ्या घरात हाय, तो कुठं पलत न्हाय." भाऊ जरा फुरंगटले, पण तोरणाला आंब्याची डहाळी आणायला निघाले. तुझ्यापुढे कोण बोलणार?

इरली डोक्यावर घेऊन आपण दोघी पाटलांच्या दारात उभ्या आहोत. पागोळ्या गळतायत. पाटील म्हणतात, "धवलारीन ना गो तू? धवलं लग्नाबिगर गात न्हाईत. भर पावसात बाहुल्यांवर गाशील तर उद्या खऱ्या लग्नाला तुला कोन बोलवील?" मला वाटलं, आता ही मागे फिरेल. मला तर तसंच वाटत होतं, की फिर बाई मागे, आपल्या पोटावर पाय नको. तू उंबऱ्यावर चिमूटभर अक्षत ठेवलीस आणि वाटी पुढे केलीस. "नका बोलवू. पर ही अक्षत परत न्यायाची तर तुमी तुमच्या हातानं माझ्या वाटीत टाका." पाटलांचा हात काही उठेना. तेवढ्यात आतून पाटलीणबाई आल्या, अक्षत घेतली आणि माझ्या हातातली बाहुलीसुद्धा घेतली. "नवरी आमची ना? मग तिला मांडवात आमीच आनू."

काय लगीन झालं गो, आये! देवळाच्या पडवीत दोन्ही आळ्या खांद्याला खांदा लावून बसल्या. तू गायलीस. नारळ आणि चिंधी पुढ्यात, पण तू अशी गायलीस की बायका खरंच रडायला लागल्या. मग आहेर सुरू झाला. लुगडी, चादरी, पितळेचे तांबे, तांदळाच्या गोण्या, सुक्या बोंबलांच्या माळा. एकीनं चुलीवर वाळत टाकलेलं लुगडं तसंच ओलसर आणून ठेवलं. खालच्या आळीनं चार दिले की वरची सहा आणायची. पुण्याला जायची लॉरी भरली तेव्हा सगळ्यात वर तू बाहुली बांधलीस. मी रडले, ती माझी होती. तू डाफरलीस, "लगीन झालं ना? मग नवरीनं का माहेरीच ऱ्हायाचं?" पुण्यातल्या कुठल्या पोरीला ती मिळाली असेल, याचा मी अजून विचार करते.

पाटील बोलले तसं झालं. पुढच्या लग्नसराईत वरच्या आळीतून तुला एकही बोलावणं आलं नाही. बाहुलीवर हात फिरवून रडलेल्या बायकाच म्हणायला लागल्या, नको बाई, आपल्या पोरीच्या संसाराचा खेळ व्हायचा. हळूहळू खालच्या आळीतही तेच. तू कुणाला दोष दिला नाहीस, उलट दुप्पट लावणी केलीस. मला मात्र चीड यायची, अजून येते. आणि अभिमान तर एवढा वाटतो की कुणी पुढारी मदतनिधीचं भाषण करायला लागला की वाटतं, उठावं आणि म्हणावं, बस रे खाली, माझ्या आयशीनं काय दिलं ते ऐक.

माझं लगीन ठरलं तेव्हा सासरहून पत्र आलं. चुलीपाशी बसून मी ते तुला वाचून दाखवलं. धवलारीण ते त्यांची आणणार आहेत, असं सांगितलं. तू लाकूड आत सारलंस आणि म्हणालीस, "बरं झालं. आयशीनं लेकीचं लगीन लावायचं नसतं." ताईचं मग कुणी लावलं होतं? हळदीच्या दिवशी त्यांची धवलारीण गात होती आणि मागच्या पडवीत तांदूळ निवडता निवडता तू तेच धवळे ओठातल्या ओठात म्हणत होतीस. मला ऐकू येत होतं. माझ्या लेखी माझं लगीन तूच लावलंस.

हा कागद मी पेटीत, तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवणार आहे. त्या पत्रातली एक ओळ मी तेव्हा गाळली होती, ती आज वाचते. "बाहुल्यांची लग्नं लावणारी बाई आमच्या मांडवात गाणार नाही." मी न वाचताच तू ती ओळखलीस. मी त्यांना उलटून एक अक्षर लिहिलं नाही. मला तो मुलगा आवडला होता, आये.