लेथ आचलला, जीभ माझ्याबरोबर

मी, सूर्यभान नथ्थूजी खंडारे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा लेथकाम, राहणार बडनेरा, जिल्हा अमरावती, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांकडूनही मागितला होता, मिळाला नाही.

राहतं घर मुलगा गजेंद्र याला. बँकेतली ठेव पत्नी गोदाबाई हिला. एवढी वर्षं माझं ऐकून घेतलं, त्या मानाने ती कमीच आहे.

लेथ मशीन व सगळी हत्यारं नात आचल हिला. तिने आयटीआयत टर्नरचा ट्रेड केला, पण अप्रेंटिस म्हणून तिला कोणी घेईना. का घेईना, हे इथे नोंदवणं भाग आहे, नाहीतर उगाच मंदीवर आळ यायचा. तिला घेऊन मी नांदगाव पेठपासून अकोल्यापर्यंत फिरलो. मालक प्रश्न तिला विचारी, उत्तर मी देई. वर त्याचं मशीन डुगडुगतं, हेही सांगून येई. एक मालक म्हणाला, "पोरीले ठेवतो काका, पन तुमी इथं यायचं नाई." मी म्हटलं, "कावून?" आणि तिथेच भांडलो. तीही जागा गेली.

शेवटी आचल मला न सांगता अकोल्याला देवराव गावंडेच्या वर्कशॉपमध्ये गेली. देवराव आणि मी एकाच उस्तादाकडे शिकलो. पुढे गिऱ्हाइकादेखत मी त्याच्या शाफ्टला वाकडा म्हटलं, तेव्हापासून बोलणं बंद. त्याने विचारलं, "कोनाची वं तू?" हिने खरं ते सांगितलं. तो म्हणे पोट धरून हसला. "सूर्यभानच्या घरात राहून तुले अजून लेथ आवडते? मंग तू माह्या इथं टिकशीन. उद्यापासून ये. पन बुढ्ढ्याले आणू नको."

हे ऐकून मला राग आला आणि आनंदही झाला. आनंद जास्त झाला.

देवरावशी असलेलं वैर मी या लेखाने रद्द करतो, वारसांनी ते पुढे चालवू नये. शाफ्ट वाकडा होता, हे मात्र रद्द करत नाही.

आचलचं शिकणं पुरं होण्याआधी मी गेलो, तर गजेंद्रने लेथ भंगारात देऊ नये. तेरवीसाठी आचलला कामावरून बोलावू नये. तिचा खाडा झाला तर देवराव म्हणेल, खानदानच तसं.

माझी जीभ ही एकच मिळकत अशी, की ती कोणालाही देण्यात येत नाही. ती माझ्याबरोबर जाळावी.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा देवरावसाठी कोरी ठेवली आहे. निरोप आचलच्या हाती धाडला आहे. तो येईल असं वाटत नाही.

ठिकाण: बडनेरा
दिनांक: १९ जानेवारी २०२५, रविवार

लिहून ठेवणार: सूर्यभान नथ्थूजी खंडारे (सही)

साक्षीदार १: साधना वानखडे, शेजारीण (सही)

साक्षीदार २: देवराव गावंडे, अकोला (सही)
सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "पोरीचा हात लेथवर चांगला बसू लागला. तू दर शनिवारी समोरच्या टपरीआड उभा राहून तिले पाहून जातं, मले दिसते. आत येत जा. तिले तू पाह्यजे, आन् मलेबी."