शत्रू व्हायला कोणी तयार नाही

११ मार्च
शिमग्याला मुंबईकर आले. पुतण्या दीपेश ह्यांच्यावर फिल्म काढणार, मोबाईलवर! एकाहत्तरच्या लढाईतला आमच्या वाडीचा वाघ, गोमाजी! मी म्हटलं, "वाघ कसला रे! विमानं आली तेव्हा तुझे काका खड्ड्यात डोकं घालून रडत होते. स्वतःच सांगायचे, हसत हसत."
"काकी, असं दाखवतात काय कुठे?"
नऊ वर्षं झाली ह्यांना जाऊन. आता छाती फुगवलेला कोणी दुसराच माणूस माझा नवरा म्हणून पडद्यावर येणार? चालायचं नाही.

१२ मार्च
सगळ्यांना आपलाच फौजी व्हायचंय. शत्रू एकही नाही! शेजारच्या चंपाबाईचा नातू विपुल म्हणतो, "मी पाकिस्तानी झालो तर आजी जेवायला घालायची नाय."
दीपेशने शत्रू तरी कसा लिहिलाय — डोळ्यांत काजळ, चालताना धडपडतो, एका थपडेत पाच आडवे! लढाईवरची पुस्तकं मी ग्रंथालयातून आणून अक्षर जुळवत वाचलीत. गप्प कशी बसू? "समोरचे एवढे खुळे, तर जिंकण्यात मोठेपणा कसला?"
चंपाबाई उसळली. "तू कोणाच्या बाजूची गो?"
"खऱ्याच्या."
"मंग तूच हो दुश्मन!"
झाले मी!

१३ मार्च
कोळशाची मिशी, ह्यांची जुनी विजार. शरण आले ती मान ताठ ठेवून. घामाने मिशी हनुवटीवर उतरली. चंपाबाईने ओळखलंच नाही, काठी घेऊन धावली! पोट दुखेपर्यंत हसले. विजार घडी करताना मात्र रडू आलं. ते रोजचंच.

१४ मार्च
दीपेश हरला. फिल्ममध्ये खड्डा राहिला! विपुल ह्यांचं काम करतो. खरंच रडला पोर.

१६ मार्च
पालखी बसते त्या सहाणेवर पडदा लावला. पडद्यावर खड्डा आला. मला वाटलं, आता हसतील. टाळ्या पडल्या! मागून कोणीतरी म्हणालं, "असाच होता गोमाजी. बढाई नाय मारली कधी." या वयात उड्या माराव्याशा वाटल्या!
दीपेशने फिल्म सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली.

१७ मार्च
तुडीलहून महिपत भावोजींचा फोन, ह्यांच्या पलटणीतले. फिल्म पाहिली म्हणाले.
"वैनी, खड्ड्यात रडणारा मी होतो. गोमाजीने मला खांद्यावर घालून बाहेर काढला. कोणीतरी रडल्याची गोष्ट गावाकडे फुटली तेव्हा माझं लग्न ठरत होतं. तो म्हणाला, 'रडणारा मीच असं सांगतो. माझं लग्न झालंय, आता कोण मोडणार!'"
ह्यांनी मलासुद्धा सांगितलं नाही. लबाड!
"आता सांगून टाका सगळ्यांना, वैनी."
मी म्हटलं, "कशाला? फिल्म चांगली झालीय."