पाच नंबरची फरशी

मयूर विहार, दिल्ली
५ नोव्हेंबर

प्रिय अबोली,

टपालाने पत्र आलेलं बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगतो, आम्ही दोघं ठीक आहोत. आईचं जेवण, औषधं, व्यायाम सगळं वेळेवर चालू आहे. वॉकर धरून ती आता स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा चार फेऱ्या मारते. बाहेर धूर इतका आहे की समोरची इमारत धड दिसत नाही, त्यामुळे खिडक्या बंद असतात. दिवस उजाडतो, मावळतो. मधल्या वेळात काय केलं असं विचारलंस तर मला सांगता येणार नाही.

तू पाठवलेलं प्रतिज्ञापत्र पोचलं. नीरज वकिलांचे दोन फोनही येऊन गेले. अंकल, बस एक साइन चाहिए, असं फार गोड आवाजात म्हणाले. बंगलोरला बसून, ऑफिस सांभाळून तू पालिकेवर दावा उभा केलास, याचं मला खरंच कौतुक आहे. भरपाई मिळाली की आम्हाला लिफ्टच्या घरात हलवायचं, हेही तू ठरवून टाकलंयस. आपल्या दुसऱ्या मजल्यावरून आई दहा महिन्यांत फक्त दवाखान्यासाठी उतरली, तीही खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून. तेव्हा तुझं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. तरी तो कागद आठ दिवस टेबलावर पडून आहे. रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसतो आणि परत तिथेच ठेवतो.

संक्रांतीचा दिवस मी तुला कधी नीट सांगितला नाही. आई काळी साडी नेसून, स्टीलचा डबा घेऊन पलीकडच्या ब्लॉकमध्ये तिळगूळ द्यायला निघाली होती. धुकं होतं. मी वर मटार सोलत बसलो होतो. खालून कोणीतरी हाक मारली आणि मी तसाच धावलो. गेटबाहेरच्या फुटपाथवर ती पालथी पडली होती. एक फरशी तिच्या भाराने कलंडली होती आणि तिचा पाय त्या फटीत मांडीपर्यंत गेला होता. लाडू चारी दिशांना गेले होते. अबोली, मी आधी लाडू गोळा करायला लागलो. पाच-सहा उचलून डब्यात टाकले, तेव्हा शेजारच्या गुप्ताजींनी मला दंडाला धरून बाजूला केलं. असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आई सगळ्यांना एकच सांगत आली, चूक माझीच, धुक्यात खाली बघून चालायला हवं होतं. डॉक्टरांना तेच, शेजाऱ्यांना तेच, वकिलांनाही तेच. तू तिच्यावर चिडलीस, की आई, स्वतःला दोष देणं आता बंद कर. तिने गोळीची वेळ झाली का विचारलं. मी पाणी आणायला उठलो.

आता प्रतिज्ञापत्रातल्या सातव्या मुद्द्याकडे येतो. तू जानेवारीत काढलेला फोटो वकिलांनी मोठा करून बघितला आणि त्यांना कलंडलेल्या फरशीच्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगातला पाचाचा आकडा सापडला. त्यावरून त्यांनी लिहिलंय की हा आकडा पालिकेनेच दुरुस्तीसाठी टाकला, म्हणजे फरशी हलते हे त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी काही केलं नाही. सगळा दावा या मुद्द्यावर उभा आहे, असं ते म्हणतात.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले. वस्तू दिसली की तिला नंबर देतो, म्हणून तू माझी किती टर उडवायचीस. डब्यांना नंबर, बॅगांना नंबर, गाद्यांनाही नंबर. एकदा झोपेत तुझ्या पाठीवरही टाकेन, असं म्हणायचीस. आपल्या मंडळाच्या गणपतीची कमान दरवर्षी गेटबाहेर लागते, तिचे बांबू रोवायला फुटपाथच्या सहा फरश्या काढाव्या लागतात. सगळ्या कुठे ना कुठे फुटलेल्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून फार वर्षांपूर्वी मी त्यांच्यावर ऑइलपेंटने आकडे घातले. काढायला सगळे असतात. परत बसवायचं काम माझं, कारण दुसऱ्या कोणाचं माझ्या मनाला येत नाही.

गेल्या वर्षी विसर्जनानंतर चार फरश्या खाली वाळू आणि विटांचे तुकडे घालून नीट बसवल्या. पाचवीला वाळू संपली. ती खड्ड्यावर नुसती टेकवली, कडेने पायाने दाबली, सहावीही तशीच, आणि उद्या वाळू आणून करू म्हणून वर आलो. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी आरतीच्या थाळ्या परत करायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी विसरलो. सहावीत मी नंतर वाळू भरली, संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी, तू विमानतळावरून यायच्या आत. उरलेल्या फुटपाथकडे पालिकेने वर्षानुवर्षं बघितलेलं नाही, हेही खरंच आहे. पण आई पडली ती माझ्या फरशीवरून.

गेल्या रविवारी आईला हे सांगितलं. ती पोहे निवडत होती. मी सगळं एका दमात बोललो, आणि तिने ताटातून मानही वर केली नाही. म्हणाली, मला माहीत आहे. पडले तेव्हा तो पाच माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होता, तुम्ही खाली येईपर्यंत त्याच्याकडेच बघत होते. मग म्हणाली, पोह्यांच्या डब्यावरही तोच पाच आहे, मला कळणार नाही का? दहा महिने ती माझी चूक स्वतःच्या नावावर सांगत होती आणि मी ती सांगू देत होतो. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तिने डबा पुढे केला, मी त्यात पोहे ओतले आणि झाकण लावलं.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय, असा पाच कोणीही काढेल. म्हणून हाताने लिहायला बसलो. प्रतिज्ञापत्र सोबत परत पाठवतोय, सही केलेली नाही. लिफ्टचं घर त्याच्याबरोबर गेलं, हे मला कळतं, आणि आईलाही विचारूनच पाठवतोय. नीरजजींना काय सांगायचं ते तू ठरव. लिहून द्यायची वेळ आली तर खरं काय ते मी लिहून देईन. आधी फक्त एवढं कर, या पत्राच्या वर मी तारीख घातली आहे, तिच्यातला पाच त्या फोटोशेजारी धरून बघ. मग आईला फोन कर. माझ्याशी नंतर बोललीस तरी चालेल.

तुझाच,
बाबा