पिना उजवीकडे

शुक्रवार संध्याकाळ, कॅरी, अमेरिका

कैरोच्या माझ्या मैत्रिणीचं, हालाचं, चित्रांचं मासिक आज गराजमध्ये छापून झालं आणि सगळ्या प्रतींना पिना मी डावीकडे मारल्या. अरबी मासिकाला त्या उजवीकडे लागतात, हे माहीत नव्हतं का? होतं. पण हाताला सवय इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची.

हालाला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "राहू दे, अमेरिकेत कोणाला कळणार?" तिकडे कोणी छापायला तयार नाही म्हणून माझ्याकडे पाठवलं, आणि आता राहू दे?

मुलगीही म्हणाली, "आई, नोबडी विल नोटिस."

उद्या बुक फेअरला हे मासिक मांडायचंय, तिथे हालाची आत्या येणार आहे. ती सवयीने पान डावीकडून उजवीकडे उलटेल. ते उलटलं पाहिजे.

पिना उपसून उजवीकडे मारतेय. डावीकडे दोन बारीक भोकं राहतील. छापणारीचं नाव टाकायचं राहिलंच होतं, त्याच्या जागी ही भोकं पुरेत.